स्पोर्ट्स कारची दारे, काचा आणि आरसे: तपासणी, दुरुस्ती आणि जुळवणी

दार लावताना अगदी शेवटच्या बोटभर अंतरात ते किंचित वर चढून मग बसत असेल, तर त्या गाडीची बिजागरी झिजू लागली आहे असे समजावे. ही खूण बारीक असते, तिचा आवाजही फारसा होत नाही, आणि म्हणून ती वर्ष-वर्ष तशीच राहते. मग एखाद्या जुलैत काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी सीटवर उतरू लागते, वेग वाढला की तिथूनच शिट्टीसारखा वारा ऐकू येतो, आणि मालक काचेचे रबर बदलण्याच्या मागे लागतो. नवे रबर बसवूनही गळती थांबत नाही, कारण दोष रबरात नव्हताच.

दार, काच आणि आरसा ही तीन कामे मी इथे एकत्र घेतली आहेत, कारण ती एकमेकांवर उभी असतात. दार बिजागरीवर टेकलेले असते, काच दारात बसवलेली असते आणि आरसा दाराच्या पुढच्या कोपऱ्यावर. खालची पायरी सोडून वरच्या पायरीला हात घातला, तर आज जुळवलेली काच उद्या दार सरळ केल्यावर पुन्हा छताला घासते. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी बिजागरी, मग स्ट्रायकर (दाराचे कुलूप ज्याला पकडते तो आकडा), त्यानंतर काच आणि शेवटी आरसा. इंदुरात मला आजवर दिसलेल्या बिघडलेल्या जुळवण्यांपैकी बहुतेक ठिकाणी हा क्रमच उलटा लावलेला होता.

स्पोर्ट्स कारचे दार साध्या गाडीच्या दाराहून वेगळे का वागते, हे आधी लक्षात घ्यावे. दोनच दारे असल्यामुळे प्रत्येक दार लांब असते, आणि लांबीबरोबर मागच्या टोकाचे वजन बिजागरीला अधिक जोराने खाली ओढते. दोन बिजागऱ्यांमधले उभे अंतर ४० सेंटिमीटर आणि दाराची लांबी १२० सेंटिमीटर असेल, तर वरच्या बिजागरीतला अवघा १ मिलिमीटरचा खेळ दाराच्या मागच्या कडेला ३ मिलिमीटर होऊन दिसतो. त्यातच या गाड्यांपैकी पुष्कळांच्या काचेला वर चौकट नसते. काच थेट छताच्या रबरात जाऊन बसते. चौकटीच्या दारात असे दोन-तीन मिलिमीटर खपून जातात, पण बिनचौकटीच्या दारात तेवढ्यानेच रबराची पकड सुटते.

आपल्या शहराला अशा गाड्यांचे अप्रूप जुने आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने भगव्या आणि काळ्या रंगाची जी स्पीडस्टर उभी केली, तिची छायाचित्रे आजही मोटारींच्या जाणकारांना तोंडपाठ आहेत. तशा गाड्यांची दारे कारागीर हातानेच बसवीत. आज दारे साच्यावर बसतात, तरी बऱ्याच गाड्यांत बिजागरीच्या बोल्टची भोके मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली असतात. आपल्याला जे काही करायचे आहे ते त्या ठेवलेल्या जागेतच करायचे असते.

तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात असताना घेतलेले माप फसवे असते, विशेषतः उघड्या छताच्या गाडीत, कारण छत नसल्याने तिचा सांगाडा थोडा अधिक पिळतो. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरावे आणि हलकेच वर-खाली करून पाहावे. या वेळी दुसऱ्या माणसाने बिजागरीवर बोट ठेवावे. खेळ पिनमध्ये आहे, की बिजागरीचा बोल्टच सैल होऊन पत्र्यावर सरकतो आहे, हे बोटाला लगेच कळते. बोल्ट सैल असेल तर काम सोपे असते. पिन किंवा तिचे पितळी बुश, म्हणजे पिनभोवतीचे कडे, झिजले असेल, तर बोल्ट कितीही सरकवले तरी चार-सहा महिन्यांत दार पुन्हा उतरते. तिथे बुश बदलण्याला पर्याय नाही.

यानंतर दाराभोवतीच्या फटी मोजाव्यात. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरलेल्या जाडीच्या पट्ट्या, नसेल तर बँकेची जुनी, बाद झालेली कार्डे चालतात. त्यांची जाडी ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर, म्हणजे पाच कार्डे एकत्र केली की ३.८ मिलिमीटर होतात. पुढे मडगार्डापाशी वर आणि खाली, मागे वर आणि खाली, आणि तळाला उंबऱ्यापाशी पुढे आणि मागे अशा सहा जागी माप घेऊन ते मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहून ठेवावे. दुसऱ्या बाजूच्या दाराचीही हीच मापे घ्यावीत. अनेक गाड्यांत ही फट साडेतीन ते पाच मिलिमीटरांच्या दरम्यान असते, पण आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे. पुढची फट खाली कमी आणि वर जास्त, शिवाय मागच्या कडेला दाराच्या पत्र्यावरची घडीची रेघ बॉडीवरच्या रेघेच्या खाली, असे दिसले तर दार उतरले आहे हे निश्चित.

गाडीला कधी मोठा अपघात झाला असेल, तर आणखी एक माप आवश्यक आहे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून ते दुसऱ्या बाजूच्या कर्णांशी ताडून पाहावेत. त्यांत ठळक फरक आढळला तर दार ज्यावर बसते तो बॉडीचा खांबच हललेला असतो, आणि ते काम पाना-जॅकचे नसून सांगाडा सरळ करणाऱ्या यंत्राचे आहे. अशा गाडीवर बिजागरी जुळवण्यात दिवस घालवू नये.

बिजागरी

इथल्या मिस्त्रीकडे बिजागरीला कब्जा म्हणतात आणि दुकानातही तोच शब्द चालतो. सियागंजात हार्डवेअर घ्यायला गेलात तर एक सूचना: मूळ बोल्टवर राखाडी किंवा पिवळसर लेप असेल, तर त्याच लेपाचा आणि त्याच ताकदीचा बोल्ट मागावा. बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो जुळला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या दारात बिनलेपाचा लोखंडी बोल्ट बसवला, तर ओलाव्यात दोन धातूंच्या संयोगाने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

बोल्टला पाना लावण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने पत्र्यावर बारीक रेघ ओढून ठेवावी. ही रेघ म्हणजे परतीची वाट असते. तिच्याशिवाय एकदा बिजागरी सरकली की मूळ जागा सापडत नाही. मडगार्डाच्या कडेवर आणि दाराच्या पुढच्या कडेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत. दाराच्या मागच्या टोकाखाली ट्रॉली जॅक ठेवून त्यावर लाकडाचा तुकडा आणि जाड चादरीची घडी ठेवावी. जॅक दाराला फक्त टेकलेला असावा. दार जॅकने रेटून वर करण्याचा मोह होतो, पण त्याने पत्रा वाकतो किंवा बिजागरीची मुळे दुखावतात.

आता स्ट्रायकर काढावा. स्ट्रायकर म्हणजे मागच्या खांबावरचा तो लोखंडी आकडा, ज्याला दाराचे कुलूप पकडते. तो जागेवर असेल तर दार बंद होताना त्याच्या आधाराने खोटेच जुळल्यासारखे दिसते. बऱ्याच गाड्यांत त्याच्यामागे खांबाच्या आत नटांची एक सुटी पट्टी असते, म्हणून दोन्ही बोल्ट एकदम काढू नयेत. एक काढून तिथे लांब बोल्ट चार आटे फिरवून ठेवावा आणि मगच दुसरा काढावा. पट्टी खांबात पडली तर ती काढण्यात अर्धा दिवस जातो. स्ट्रायकरच्या बोल्टना बहुधा टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचा, माथा असतो. योग्य मापाचे बिट हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण खोल बसवल्याशिवाय जोर लावू नये.

एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट ढिले करावेत, आणि तेही दार हाताने जेमतेम सरकेल इतकेच. बऱ्याच गाड्यांत खांबाकडचे बोल्ट दाराला वर-खाली आणि पुढे-मागे नेतात, तर दाराकडचे बोल्ट आत-बाहेर. काहींत हे उलट असते, म्हणून आपल्या गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे. मागची कड उतरली असेल तर वरची बिजागरी पुढे घ्यावी, किंवा खालची मागे सरकवावी. दोन्हींचा परिणाम एकच असतो, दाराचे मागचे टोक उचलले जाते. कोणती निवडायची हे पुढच्या फटीने ठरते: वर फट जास्त असेल तर वरची पुढे, खाली फट कमी असेल तर खालची मागे. सरकवण्याचे प्रमाण अर्ध्या मिलिमीटरचे ठेवावे, कारण वर काढलेल्या हिशोबाने मागे त्याचा दीड मिलिमीटर होतो. प्रत्येक वेळी बोल्ट आवळून, दार हाताने हळू लावून, फट मोजून मगच पुढची हालचाल करावी. माझ्या मावसभावाच्या गाडीवर सुदामा नगरच्या अंगणात आम्ही दोघांनी हे काम केले तेव्हा चहा धरून चार तास लागले, आणि त्यांतले तीन तास मोजण्यातच गेले. ते वाया गेले असे मला वाटत नाही.

दाराचा पत्रा जागेवरच वाकवून फट जुळवण्याची एक रीत डेंटर वापरतात. पोलादी दाराला अनुभवी हाताने ती चालते. परंतु फायबरग्लासच्या गाडीला, मग ती कॉर्व्हेट असो की गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, हा प्रकार कदापि करू नये. फायबर वाकत नाही, त्याला आतून तडा जातो आणि तो रंगावर काही दिवसांनी उमटतो.

फटी सारख्या झाल्या की नवी मापे टेपवर लिहून घ्यावीत आणि स्ट्रायकर परत बसवावा. मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले त्याच्यावर थापून दार एकदाच हळू लावले, की कुलपाचा जबडा नेमका कुठे टेकतो याचा ठसा उमटतो. ठसा मधोमध आला पाहिजे. वर किंवा खाली आला, तर स्ट्रायकर त्या दिशेने सरकवावा. दाराची मागची कड बॉडीपेक्षा बाहेर राहत असेल तर तो आत घ्यावा. स्ट्रायकरचे काम इतकेच आहे. आमच्या त्याच गाडीवर पूर्वी एका गॅरेजात बिजागरी न पाहता स्ट्रायकर खाली उतरवून दिला होता. दार लगेच अलगद लागू लागले, पण सहा महिन्यांत काच छताच्या पट्टीला घासू लागली, आणि मूळ झीज तोवर दुप्पट झाली होती.

काच, आणि बॅटरीची दक्षता

बिनचौकटीच्या काचेची एक सवय असते. हँडल ओढताच ती सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे रबरातून सुटते. दार लागल्यावर पुन्हा वर चढून रबरात रुतते. ही हालचाल विजेवर चालते. म्हणून बॅटरी काढण्याआधी दोन्ही काचा अर्ध्या खाली कराव्यात. मी एकदा हे विसरलो आणि बॅटरी सोडलेली असताना दार सवयीने लावले. काच खाली उतरली नाही, छताच्या कडेवर आदळली आणि वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला. काच आणायला जे पैसे आणि जे आठवडे लागले, ते मला अजून आठवतात. ज्या गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेच्या बटणाने उघडते, तिथे बॅटरी सोडल्यावर डिकीही लावू नये.

दाराचे आतले पॅड उघडायचे असेल तर मात्र बॅटरीची ऋण तार काढावीच लागते. पुष्कळ गाड्यांत एअरबॅगसाठी दाब मोजणारा सेन्सर दारात असतो, काहींत एअरबॅगच दारात असते. तार काढल्यावर पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबावे आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडणीला विनाकारण हात लावू नये. पॅडचे स्क्रू हाताच्या टेकूखाली आणि हँडलच्या टोपणामागे लपलेले असतात. ते काढून प्लास्टिकच्या पट्टीने कडेच्या क्लिपा एकेक सोडवाव्यात आणि पॅड वर उचलून काढावे. आत प्लास्टिकचा एक पडदा चिकट काळ्या डिंकाने लावलेला असतो. तो फाडू नये. दारात शिरलेले पाणी आतल्या बाजूला येऊ नये म्हणून तो असतो, आणि तो नीट न चिकटवल्याने पायाखालचा गालिचा ओला होतो. लोक मात्र दोष काचेच्या रबराला देतात.

इथे दाराच्या तळाची निचऱ्याची भोकेही पाहून घ्यावीत. माळव्याची काळी माती कोरडी असताना पिठासारखी उडते आणि ओली झाली की पुट्टीसारखी घट्ट बसते. तळाच्या भोकांत ती बसली की दार आतून सडते. पावसाळ्याच्या तोंडावर प्लास्टिकच्या काडीने ती मोकळी करावीत. तारेने करू नयेत, कारण रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो.

काचेची जुळवणी तीन अंगांनी होते: ती किती वर जाते, पुढे-मागे कुठे बसते, आणि वरच्या कडेने किती आत झुकते. तिन्हींचे स्क्रू विंडो रेग्युलेटरवर, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेवर असतात, आणि त्यांतले काही दाराच्या खालच्या कडेतल्या रबरी टोपणांमागेही असतात. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडखळत पण न फाटता निघाली तर दाब योग्य आहे. सहज निघाली तर कमी, फाटली तर जास्त. काचेच्या पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत हातभर अंतरांवर ही परीक्षा घ्यावी. दाब कमी आहे म्हणून काच हवी तितकी आत झुकवू नये. तसे केल्यास दार लावायला जोर लागतो, आणि रोजच्या जोराने रेग्युलेटरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तुटतात. मोटर घुरघुरते पण काच जागची हलत नाही, असे झाले तर बहुधा हीच पट्टी किंवा तिची दोरी गेलेली असते.

हँडल ओढूनही काच उतरत नसेल तर कुलपातला छोटा स्विच तपासावा. दार उघडे ठेवून कुलपाचा जबडा पेचकसाने बंद स्थितीत ढकलावा आणि हँडल ओढावे. काच हलली तर स्विच ठीक आहे. दार लावण्याआधी जबडा पुन्हा उघडला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे, नाहीतर तो स्ट्रायकरवर आदळतो. बॅटरी जोडल्यावर काचेला तिची वरची आणि खालची सीमा पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचे आणि मग पूर्ण वर नेऊन तसेच धरायचे, अशी रीत असते.

पाण्याची परीक्षा साध्या नळीने, धार मंद ठेवून, खालून वर सरकत घ्यावी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती कुठली ते कळत नाही. दाबाच्या पंपाने ही परीक्षा घेऊ नये, चांगल्या रबरातूनही तो पाणी आत घालतो. रबराला सिलिकॉनचा लेप द्यावा. इंजिन ऑईल किंवा पेट्रोलियम ग्रीस लावल्यास रबर फुगून मऊ पडते. बिजागरीला पांढरे लिथियम ग्रीस थोडेच लावून उरलेले पुसून घ्यावे, कारण आपल्याकडच्या धुळीत ग्रीस जास्त झाले की त्याचीच कानस होते.

वर उघडणाऱ्या दारांबद्दल एवढेच सांगतो: त्यांना उचलून धरणारे गॅसचे दांडे जोडीनेच बदलावेत, आणि ते काढताना दाराला खालून लाकडी टेकू द्यावा. हे दांडे थंडीत अशक्त होतात, कारण आतल्या वायूचा दाब उतरतो. मे महिन्यात व्यवस्थित उभे राहणारे दार जानेवारीच्या पहाटे हळूहळू डोक्यावर येत असेल तर दांडे संपत आले आहेत.

आरसे

आरसा थरथरत असेल तर आधी काचेवर आणि मग खोळीवर बोट टेकवून पाहावे. काचेवर बोट ठेवताच थरथर थांबली, तर काच आपल्या क्लिपांवर सैल आहे. खोळ धरल्यावर थांबली, तर दाराच्या आतल्या बाजूचे त्रिकोणी टोपण काढून त्यामागचे दोन-तीन बोल्ट आवळावेत. दोन्हींनी थांबली नाही तर पुन्हा बिजागरीकडे जावे.

काच बदलताना हातमोजे आणि चष्मा घालावा. केस वाळवण्याच्या यंत्राने काच कोमट करून तिची एक कड आत दाबावी, म्हणजे समोरची कड बाहेर येते. तिथे कापड गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा सोडवाव्यात. मागे तापवणीच्या दोन तारा असतील तर त्या पकडीने काढाव्यात, ओढू नयेत. आपोआप मंद होणाऱ्या आरशाच्या आत द्रव असतो. असा आरसा तडकून डाग पसरला असेल तर तो द्रव त्वचेला आणि रंगाला लागू देऊ नये, आणि काच पूर्णच बदलावी.

राजवाड्याच्या गल्ल्यांत दुचाकीचे हँडल लागून आरसा फुटणे नित्याचे आहे, आणि मग काचवाल्याकडून साधा सपाट आरसा कापून चिकटवला जातो. हे टाळावे. मूळ काच बहुधा किंचित फुगीर असते, त्यामुळे ती जास्त रुंद दृश्य दाखवते. सपाट काच लावली की बाजूच्या रांगेतला बराच भाग दिसेनासा होतो, आणि एक आरसा फुगीर व दुसरा सपाट असल्याने अंतराचा अंदाज चुकतो. परदेशातून काच मागवणाऱ्यांनीही सावध राहावे. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असणे नियमाने बंधनकारक आहे, आणि तिथे चालक डावीकडे बसतो. तिथली डावी काच आपल्या डाव्या बाजूला आकाराने बसली तरी दृष्टीने बसत नाही.

आरसा कधी चालतो आणि कधी नाही, असे होत असेल तर मोटर मागवण्याआधी दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी तपासावी. लांब दार रोज उघडून-मिटून तिच्यातल्या तारा आतून तुटतात. आरशाचे बटण दाबून धरून दार सावकाश हलवावे. एखाद्या कोनात आरसा चालू झाला तर तार तुटलेली आहे. ती लवचीक तारेचा तुकडा घालून झाळावी आणि वर तापवून आकसणारी नळी चढवावी. पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी तिथे टिकत नाही.

शेवटी आरशांचा कोन. अमेरिकेतले अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ साली मांडलेली रीत मला ठेंगण्या आणि अरुंद मागच्या काचेच्या गाडीत सर्वांत उपयोगी वाटते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या आरशासाठी डोके उजव्या खिडकीला टेकवावे आणि गाडीची बाजू आरशात जेमतेम दिसेल इतका तो बाहेर फिरवावा. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, आणि पहिले काही दिवस चुकल्यासारखे वाटते. पण बाजूने येणारी दुचाकी आतल्या आरशातून निघून बाहेरच्या आरशात येते आणि तिथून थेट डोळ्यांसमोर, मध्ये कुठेही हरवत नाही. रस्त्यावर जाण्यापूर्वी एखाद्याला गाडीभोवती चालायला लावून याची खात्री करावी.

आठवडाभर गाडी चालवल्यानंतर बिजागरीचे आणि स्ट्रायकरचे बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पान्यावर, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर, पुन्हा तपासावेत, सहाही जागची फट कार्डांनी मोजून टेपवरच्या आकड्यांशी ताडावी, आणि फरक नसेल तर टेप काढून टाकावी.